भुरीचा वळसा

खडकेवाडी म्हणून एक गाव होते. गावाभोवती माळ, आणि माळावर माती कमी, धोंडे फार. त्या गावात मायाप्पा नावाचा धनगर राहत होता. त्याची तीनशे मेंढरे होती. त्याचा आवाज दोन माळ ओलांडून जात असे.

मायाप्पाला त्या आवाजाचा मोठा अभिमान होता. त्याने एक हाळी दिली की तीनशे तोंडे चरायची थांबत. दुसरी दिली की सगळा कळप वळे. कुत्री तर त्याच्या चेहऱ्याकडे बघूनच पाऊल टाकत. "माझ्या पुढं कुणाची मान वर होत न्हाई," असे तो म्हणे, आणि ते खोटे नव्हते. त्याची बायको तायव्वा तेवढी अधूनमधून मान वर करी. पण तीही तो घराबाहेर पडल्यावर.

माळावर मेंढरांना आणि कुत्र्यांना दोन वैरी. एक लांडगा, दुसरे फुरसे. लांडग्याला धनगराची कुत्री पुरून उरतात. फुरशापुढे त्यांचे काही चालत नाही.

फुरसे म्हणजे साप केवढा, तर हातभर. रंग मातीचा. धोंड्याच्या कडेला वेटोळे घालून बसले तर धोंड्याचाच कपचा वाटते. कोणी जवळ आले तरी ते पळत नाही. जागच्या जागी अंगावर अंग घासते. तापल्या तव्यावर ज्वारी परतावी तसा कोरडा खरखर आवाज येतो. माणूस तो आवाज ऐकून मागे सरतो. कुत्रा पुढे जातो. हे काय वाजते म्हणून तो नाक खाली घालतो, आणि दात नाकावरच बसतात. मग हिरड्यांतून रक्त येऊ लागते. ते थांबत नाही. तिसऱ्या दिवशी कुत्रा जातो.

एका वर्षात मायाप्पाची चार कुत्री अशी गेली. राहिली दोन. एक ढाण्या. अंगावर वाघासारखे पट्टे, छाती रुंद, लांडग्याच्या नरड्याला धरून लोंबकळणारा. दुसरी त्याच्या पाठची बहीण भुरी. राखेच्या रंगाची, सडसडीत, कमी भुंकणारी. ही दोन गेली की कळप उघडा पडणार होता. नवे कुत्रे माळाला तयार व्हायला दोन वर्षे लागतात. लांडगा दोन वर्षे थांबत नाही.

तीन कोसांवर बोरखळ गावी ठकूआजी नावाची धनगराचीच म्हातारी होती. सत्तरी ओलांडलेली, पाठीत वाकलेली. कुत्र्यांना फुरसे ओळखायला शिकवायचे, हे तिचे काम. तिच्या हाताखालून गेलेला एकही कुत्रा सापाने मेला नाही, असे लोक सांगत. मायाप्पा ढाण्याला घेऊन तिच्याकडे गेला. भुरीच्या पायात काटा मोडला होता, म्हणून ती घरी राहिली.

ठकूआजीने ढाण्याला वरून खाली न्याहाळले. मग मायाप्पाला सांगितले की कुत्रा तीन दिवस ठेव आणि तू त्या टेकडीच्या पलीकडे जाऊन बस. कुत्र्याला तू दिसायला नको, ऐकू यायला नको, वाऱ्यावर तुझा वासही यायला नको.

"माझा कुत्रा माझ्याबिगर पाणी पीत न्हाई," मायाप्पा म्हणाला.

"म्हणूनशान म्हणते, जा."

मायाप्पाला राग आला. आपला कुत्रा आपल्याच माघारी शिकणार, हे त्याच्या डोक्यात बसेना. तरी तिची विद्या बघावी म्हणून ढाण्याला तिच्या अंगणात बसवून तो दूर एका लिंबावर चढून बसला. त्या दिवशी दुसऱ्या कोणाचा तरी कुत्रा शिकायचा होता.

म्हातारीने दोन धोंड्यांमधल्या वाटेवर एक टोपली ठेवली. बारीक वेताची, गच्च विणलेली. आत फुरसे. आवाज बाहेर येईल, वास बाहेर येईल, दात येणार नाहीत. शेजारी निर्गुडीची ओली फांदी वाकवून दोरीने अडकवली आणि फांदीच्या टोकाला बाभळीचे चार काटे बांधले. दोरीचे दुसरे टोक हातात धरून ती वीस पावलांवर एका खड्ड्यात उतरली. अंगावर वाळके गवत ओढून घेतले. आणि त्या उन्हात ती सत्तरी ओलांडलेली बाई धोंड्यासारखी निपचित पडून राहिली.

दुपार कलताना कुत्रा आला. टोपली खरखरली. कुत्र्याने कान टवकारले, नाक खाली घातले. खड्ड्यातून दोरी ओढली गेली. फांदी सुटली आणि सपकन नाकावर बसली. कुत्रा केकाटत पळाला. लांब जाऊन त्याने वळून पाहिले. वाटेवर कोणी नव्हते. काठी नव्हती, माणूस नव्हता. होता तो फक्त आवाज.

मायाप्पा झाडावर बसून हसला. कुत्र्याला शिकवायला खड्ड्यात तोंड लपवून बसायचे! ज्याच्या नरड्यात जोर नाही त्याने असली सोंगे करावीत. तो खाली उतरला, ढाण्याला शीळ घातली आणि म्हातारीला न सांगता घरी आला.

घरी येऊन त्याने रखमाजी कुंभाराकडून रुंद तोंडाचे मडके आणले. चिमट्याची काठी लावून एक फुरसे धरले, मडक्यात सोडले, वर जाळी बांधली. मग ढाण्याला पुढे आणले. मडके खरखरले. ढाण्याने नाक जाळीकडे नेले. त्याबरोबर मायाप्पाने अशी हाळी दिली की शेजारची शेळी दावे तोडून पळाली, आणि ढाण्याच्या पाठीत काठी घातली. असे दिवसभरात चार वेळा केले. पाचव्या वेळी मडके दिसताच ढाण्या शेपूट पायांत घालून मागे सरला.

मायाप्पाने बिरोबाच्या देवळापुढे गाव गोळा केले. मडके मधे ठेवले. ढाण्या चार पावले पुढे आला, थांबला आणि मागे गेला. लोक चकित झाले. बोरखळच्या म्हातारीला तीन दिवस लागतात, आणि तेही लपूनछपून, असे मायाप्पाने सगळ्यांना ऐकवले.

रखमाजी कुंभार मडक्याजवळच उकिडवा बसला होता. त्याला जिभेवर ताबा नव्हता. तो म्हणाला, "मायाप्पा, कुत्रं माझ्या मडक्याकडं बघतच न्हाई. त्याची नजर तुझ्या मिशीवर हाय. सापाच्या ऐवजी मडक्यात तुझी मिशी ठेव. तितकाच भील."

लोक हसले. मायाप्पाही हसला. त्याला ती आपली स्तुतीच वाटली.

महिन्याभराने मायाप्पाला बहिणीच्या घरच्या लग्नाला दोन दिवस परगावी जावे लागले. मेंढरांमागे तायव्वा राहिली. तो परत आला तेव्हा ढाण्या अंगणात घोंगडीच्या तुकड्यावर पडला होता. नाक सुजून डोळ्यांपर्यंत गेले होते. दातांच्या मुळाशी रक्त होते. मायाप्पाचा पाय वाजताच त्याने शेपूट हलवले.

मायाप्पा खाली बसला. मग त्याचा राग उसळला. माझ्या माघारी बेइमान झाला, शिकवलेले दोन दिवस टिकले नाही, असे तो कुत्र्यालाच बोलू लागला.

तायव्वा चुलीजवळून उठून उंबऱ्यात आली. त्या दिवशी तिने त्याच्यासमोर मान वर केली.

"त्याला बोल लावू नका. मी डोळ्यांनी बघितलंय. त्यो थांबला हुता. खरखर ऐकून थांबला. मागं वळला. माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं बघितलं. तुमी कुठं दिसला न्हाई. मग गेला पुढं."

त्या रात्री मायाप्पा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी ढाण्या गेला. मायाप्पाने त्याला माळावर पुरले, वर धोंडे रचले, आणि तिथूनच भुरीला बरोबर घेऊन बोरखळची वाट धरली.

ठकूआजी अंगणात लोकर पिंजत होती. तिने एकच कुत्री बघितली. पट्ट्याचा कुठे आहे, असे विचारले. मायाप्पाने सगळे सांगितले. लिंबावर चढल्याचेही सांगितले. तायव्वाने जे पाहिले तेही सांगितले. सांगताना त्याचा आवाज अंगणाबाहेर गेला नाही.

म्हातारीने पिंजण खाली ठेवले.

"त्यो फुरशाला भीत नव्हता, लेकरा. तुला भीत हुता. तू न्हाईस म्हटल्यावर त्यानं कुणाला भ्यायचं?"

मायाप्पाने मान खाली घातली. भुरीला शिकव, एवढेच तो म्हणाला. म्हातारीने पूर्वीचीच अट सांगितली आणि एक नवीन घातली. कुत्री केकाटत तुझ्याकडे आली तर तिला जवळ घ्यायचे नाही.

"कुरवाळायचं न्हाई. शाब्बास म्हणायचं न्हाई. तू शाब्बास म्हटलंस की धडा तुझा झाला. मला त्यो तिचा करायचाय."

मायाप्पा टेकडीच्या पलीकडे जाऊन बसला. आयुष्यात प्रथमच त्याला कोणी लपायला सांगितले होते आणि तो लपला होता. पहिल्या दुपारी टेकडीपलीकडून भुरीची किंकाळी आली. मायाप्पा ताडकन उठला. काठी हातात घेतली. मग परत खाली बसला. दुसऱ्या दिवशी तीच किंकाळी दुसऱ्या बाजूने आली. त्याच्या मागोमाग भुरी स्वतः आली. तिने वास काढत मालकाला शोधले होते. नाकात काटा तसाच होता. ती त्याच्या गुडघ्यावर डोके घासू लागली. मायाप्पाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि तो समोरच्या धोंड्याकडे बघत राहिला. भुरीने वाट पाहिली. मग ती थोडी दूर जाऊन बसली, पायांनी नाक घासून तिने काटा आपला आपण काढला, आणि बराच वेळ वाटेकडे बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी म्हातारीने फांदी बांधली नाही. नुसती टोपली ठेवली, तीही नव्या जागी, झुडपाआड. भुरी लांबूनच थबकली. तिने हवेत नाक धरले. मग अर्धा माळ वळसा घालून ती पलीकडे गेली.

"ने आता," म्हातारी म्हणाली. "आनि एक ध्यानात ठेव. आता तिच्यात तुझ्या हाळीहून मोठं कायतरी हाय."

मायाप्पाला ते बोल आवडले नाहीत. पण तो भुरीला घेऊन वाटेला लागला.

चैत्र संपला. माळ तापला. मेंढरांना दिवसातून एकदा ओढ्याच्या डोहावर न्यावे लागे. वाट दोन मोठ्या धोंड्यांमधून खाली उतरे, आणि कित्येक पिढ्यांची मेंढरे त्याच वाटेने उतरत आली होती. एक दिवस मायाप्पा ओढ्याच्या पलीकडच्या थडीवर कोकरांसाठी बाभळीच्या शेंगा पाडत होता. समोरून कळप येत होता. पुढे भुरी, पार मागे तायव्वा.

भुरी धोंड्यांपाशी आली आणि थांबली. मग उलटी फिरली. कळपाला आडवी धावली आणि म्होरक्या मेंढ्याला डावीकडे दाबू लागली. डावीकडे वाट नव्हती. नुसती उतरण होती, दगडगोट्यांची.

तहानलेला कळप वळवणे म्हणजे पुराचा ओढा वळवणे. मेंढ्याला पाणी दिसत होते. तो ऐकेना. मायाप्पाने पलीकडून पाहिले आणि त्याचे डोके फिरले. पाणी समोर, वाट समोर, आणि ही कुत्री तीनशे मेंढरांना दगडांत घालते आहे. कोणाच्या हुकमाने?

त्याने हाळी दिली.

दोन माळ ओलांडणारी ती हाळी ओढ्यावरून गेली. कळपाने माना वर केल्या. मेंढरे सरळ वाटेकडे लोटू लागली. भुरीनेही ऐकले. ती थांबली, तिने ओढ्यापलीकडे मालकाकडे पाहिले. मायाप्पाने दुसरी हाळी दिली आणि काठी वाटेकडे रोखली.

भुरीने त्याच्याकडे पाठ फिरवली.

तिने म्होरक्या मेंढ्याचा कान दातांत धरला आणि त्याला ओढत डावीकडे नेले. मेंढा गेला. त्याच्या मागे दुसरा गेला. भुरी वाटेच्या तोंडाशी आडवी उभी राहिली, आणि जे मेंढरू सरळ येई त्याच्या पायाला चावे. मायाप्पाने तिसरी हाळी दिली नाही. तो काठी घेऊन ओढ्यात उतरला. गुडघाभर पाणी तुडवत आला. आज हिच्या पाठीचे सालटे काढायचे, असे त्याने ठरवले होते. जन्मात प्रथमच कोणीतरी त्याच्या तोंडासमोर त्याचे ऐकले नव्हते.

तो चढून वर आला. भुरी जागची हलली नाही, अंग चोरले नाही. मायाप्पाने काठी उगारली.

तेव्हा त्याने ते ऐकले. तापल्या तव्यावर ज्वारी.

काठी वरच राहिली. मायाप्पाने नुसती नजर हलवली. वाटेच्या ऐन मध्यावर, धोंड्याच्या हातभर सावलीत, फुरशाची मादी वेटोळे घालून बसली होती. आणि तिच्याभोवती पिले. बोटाएवढी, मातीच्या रंगाची, दहा, बारा, त्याहून जास्त. तीही आपली इवली अंगे घासत होती. सगळी जमीनच बारीक खरखरत होती. तीनशे मेंढरे या अरुंद वाटेत शिरली असती तर मागच्या लोटाने पुढच्यांना थांबता आले नसते. आणि सगळ्यांच्या पुढे भुरी असती.

मायाप्पाने काठी हळूच खाली आणली. पाऊल मागे घेतले. मग त्याने मान वळवून कळपाकडे पाहिले.

तीनशे मेंढरे उतरणीवरून मोठा वळसा घालत पाण्याकडे चालली होती. धोंडा मधे आला की पाणी जसे दुभंगून जाते, तशी ती त्या जागेला वळसा घालून जात होती. धुळीत खुरांचे अर्धे कडे उमटले होते. कड्याच्या आत घोंगडीएवढी जमीन कोरी होती. तिथे एकही खूर उमटला नव्हता. कोणी हाळी दिली नव्हती. दिली होती ती उलट दिली होती.

मायाप्पाने डोक्यावरचे पागोटे काढले. देवापुढे ठेवायला काढावे तसे काढले. ज्या शिकवणीत त्याचा आवाज नव्हता, काठी नव्हती, ती शिकवण त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या आवाजापुढे आणि काठीपुढे उभी राहिली होती. उभी राहून तिने त्याचाच कळप वाचवला होता.

भुरी त्याच्या पायाशी आली. शाब्बास हा शब्द त्याच्या ओठांवर आला. तो त्याने गिळला. भुरीलाही त्याची गरज दिसली नाही. तिचे लक्ष मेंढरांकडे होते.

मागून तायव्वा धापा टाकत आली. तिने फुरशी पाहिली, कुत्री पाहिली, नवऱ्याच्या हातातले पागोटे पाहिले.

"हाळी मलाबी ऐकू आली," ती म्हणाली.

"चुकली हाळी," मायाप्पा म्हणाला.

तायव्वा चौदा वर्षे त्याच्याबरोबर नांदत होती. हा शब्द तिने त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. त्या दिवसापासून ती त्याच्यासमोरही मान वर करू लागली, आणि मायाप्पाने ते चालवून घेतले.

पुढच्या जत्रेआधी मायाप्पा म्हातारीला द्यायला नवी काळी घोंगडी खांद्यावर टाकून बोरखळला गेला. ठकूआजी घरी नव्हती. टेकडीजवळच्या वाटेवर टोपली ठेवलेली दिसली. वीस पावलांवर वाळके गवत होते आणि ते जरासे उंच दिसत होते. मायाप्पाने हाक मारली नाही. तो वाऱ्याची दिशा बघून टेकडीच्या पलीकडे गेला आणि काम उरकेपर्यंत तिथे गुपचूप बसून राहिला.

जत्रेत रखमाजी कुंभाराने त्याला गाठले. भुरी शेजारीच बसली होती. रखमाजीने तिच्याकडे बघितले, मग मायाप्पाच्या मिशीकडे बघितले, आणि चारचौघांत विचारले, "काय मायाप्पा, ही तरी ऐकती का तुझं?"

मायाप्पाने मिशीवरून हात फिरवला.

"न्हाई," तो अभिमानाने म्हणाला. "ऐकत न्हाई."

तात्पर्य: शिकवणाऱ्याच्या धाकाने जो शिकतो, तो शिकवणाऱ्याची पाठ वळताच विसरतो. पोराबाळांना, चाकराला वा जनावराला धोका ओळखायला शिकवा, आपला चेहरा ओळखायला नव्हे. आणि तुमचीच हाळी चुकली तेव्हा शिकलेल्याने ती मोडली, तर काठी खाली ठेवा.